लॅमिंग्टन रोड ते सतारमेकर गल्ली

भाच्याची गिटार माझ्याच हातून बिघडली, म्हणून हा प्रवास घडला. नाहीतर साठी ओलांडलेला माणूस रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून गिटारीचे सुटे भाग आणायला मुंबईला कशाला जाईल?

मी सांगलीत तीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. धाकटी बहीण मिरजेत दिली आहे. तिचे सासरे जुन्या वळणाचे कारागीर, सतारी आणि तंबोरे बनवण्यात हयात गेली. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, तो धंदा सोडून ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात नोकरी धरली. नातू डिप्लोमाला आहे. त्याच्या डोक्यात इलेक्ट्रिक गिटार भरली, तेव्हापासून आजोबा आणि नातू एका दस्तरखानावर बसायचे, पण बोलायचे फक्त मीठ-पाण्यापुरतं. घरात तीन पिढ्यांचं हुन्नर असताना पोरगं दुकानातली गिटार घेऊन आलं, हे म्हाताऱ्याला लागलं होतं.

गिटार त्याने हॉस्टेलच्या मित्राकडून साडेचार हजाराला घेतलेली. तक्रारी तीन. अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की घूं घूं आवाज. दोन गाणी होईपर्यंत सूर उतरलेला. आणि काही जागांवर तार दाबली की झणझण. यावर पोराने उपाय शोधला होता तो अडतीस हजाराच्या नव्या गिटारीचा, हप्त्यावर. त्याच महिन्यात त्याच्या बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती. बहिणीचा फोन आला, “भाईजान, तुम्हीच समजवा याला. माझं ऐकत नाही.”

समजावण्यावर माझा फारसा विश्वास नाही. मी त्याला म्हटलं, “आहे ती आधी उघडून बघू. दोन हजारांत नीट करून देतो. नाही झाली तर नवीचा विचार.”

इलेक्ट्रिक गिटार उघडून बघितली तेव्हा मला हसू आलं. आत काहीच नाही! रेडिओच्या मानाने तर अगदीच पोरखेळ. तारांखाली तीन पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकसा वीजप्रवाह उमटतो. तो पुढे आवाजाचे आणि टोनचे कंट्रोल, एक कपॅसिटर, एक स्विच आणि पिन बसवायचा जॅक यातून बाहेर पडतो. बस, एवढंच. मी ऐटीत सोल्डरिंगची इस्त्री तापवली, एक कच्चा डाख पक्का करायला गेलो, वायरला जरा ओढ बसली आणि मधला पिकअप मुका झाला. मीटर लावला. जिथे सहा किलोओहमच्या आसपास काटा दिसायला हवा, तिथे काही नाही. तार तुटलेली.

पोरगं काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. मीच म्हटलं, “शुक्रवारी रात्री निघू. शनिवारी लॅमिंग्टन रोड.”

गाडीत त्याला झोप नव्हती, मलाही नव्हती. पुण्यापर्यंत तो मला गिटारवाल्यांच्या गोष्टी सांगत होता. ब्रायन मे नावाचा इंग्लंडचा गिटारवाला. 1963 साली शाळेत असताना, गिटार परवडत नाही म्हणून त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर. गळ्याचं लाकूड शेकोटीवरच्या जुन्या फळीचं, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, पडद्यांवरच्या खुणा आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. पुढे तो जगप्रसिद्ध झाला तरी तीच गिटार वाजवत राहिला. दुसरी गोष्ट सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांची. टिनारिवेन या त्यांच्या प्रसिद्ध बँडचा संस्थापक इब्राहीम अग अल्हबीब. त्याने लहानपणी पहिली गिटार केली ती पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, बेटा, हे सगळं ठाऊक असताना तू अडतीस हजाराच्या हप्त्याचा फॉर्म भरत होतास.

सकाळी सीएसएमटीला उतरलो. लॅमिंग्टन रोडची दुकानं साडेदहा-अकराशिवाय उघडत नाहीत, म्हणून चहा-ब्रून मस्का घेऊन धोबी तलावापर्यंत चालत गेलो. तिथे जेर महल इमारतीत फुर्ताडोसचं दुकान आहे. 1865 पासूनचं घराणं, पियानो आणि पाश्चात्त्य संगीताच्या वह्या विकणारं. मुंबईत गोव्याच्या वादकांची वस्ती याच भागात होती, त्यामुळे हा धंदा इथे रुजला. काचेआड टांगलेल्या गिटारींसमोर पोरगं किती वेळ उभं राहिलं ते मी मोजलं नाही. नामांकित कंपनीच्या पिकअपच्या एका संचाची किंमत त्याने मोबाईलवर दाखवली. त्याची अख्खी गिटार त्यात दोनदा आली असती.

मरीन लाइन्सहून लोकल धरून ग्रँट रोडला उतरलो आणि पूर्वेच्या बाजूने बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागलो.

या रस्त्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण 1903 ते 1907 मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन अजून लोकांच्या तोंडातून गेलेला नाही. मी पहिल्यांदा इथे आलो ते 1984 च्या सुमारास, टीव्हीचे भाग घ्यायला. तेव्हा गावोगावचे मेकॅनिक इथे पिशवी घेऊन यायचे. कोणी ट्रान्झिस्टर, कोणी पिक्चर ट्यूबचा सॉकेट, कोणी नुसते रेझिस्टर शेकड्याने. दुकान म्हणजे जेमतेम सहा फूट रुंदीची फट आणि मागे छतापर्यंत शेकडो लहान खण. काउंटरवरचा माणूस न बघता खण ओढायचा आणि भाग बरोबर तोच निघायचा. पुढे व्हिडिओचा जमाना आला, मग कॉम्प्युटरचा. आता बाहेरच्या पाट्या सीसीटीव्ही आणि राउटरच्या आहेत. इंजिनियरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी सर्किट बोर्ड घ्यायला गर्दी करतात. पण आत शिरलात, एखाद्या जिन्याखाली वळलात, की खण अजून आहेत.

इथे पहिला फटका बसला. गिटारीला आवाजाचा कंट्रोल 250 किलोओहमचा लागतो, आणि तो ‘लॉग’ प्रकारचा असला तर चांगलं. आपला कान सरळ हिशेबाने ऐकत नाही. साधा, सरळ चढणारा कंट्रोल लावला की पहिल्या चतकोर फेऱ्यातच आवाज मोठा होतो आणि उरलेला फेरा फिरवून फारसा फरक कळत नाही. एका दुकानात मी लॉग मागितला, त्याने “हाच तो” म्हणून तीन नग दिले, पैसे घेतले. बाहेर येऊन फूटपाथवर मीटर लावला. नॉब बरोबर मध्यावर ठेवला तर मीटर 125 दाखवतो. म्हणजे साधाच. लॉग असता तर मध्यावर एका बाजूने पाव हिस्सासुद्धा दिसला नसता. परत गेलो, तर बदलून मिळणार नाही म्हणे. चूक माझीच. मीटर खिशात असताना तो काउंटरवरच काढायला हवा होता. पोराला म्हटलं, हे लक्षात ठेव. अक्षर ए छापलंय की बी, यावर जाऊ नकोस. छापणारे देशोदेशी वेगळं छापतात. मीटर खोटं बोलत नाही.

योग्य कंट्रोल चौथ्या दुकानात मिळाले, एकशेवीसला एक. जॅक, कपॅसिटर, पाच खटक्यांचा स्विच, जाळीची वायर आणि चिकट तांब्याच्या पट्टीचं एक रीळ घेतलं. आता उरला मुका पिकअप.

एका गल्लीत माझ्या ओळखीचे एक गुजराती काका बसायचे. आहेत की नाहीत याची धाकधूक होती, पण होते. दुकान आता मुलगा बघतो, काका कोपऱ्यात स्टुलावर. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. सांगली म्हटल्यावर हळद आठवली, मग मी आठवलो. पिकअप हातात घेऊन त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं.

“अंदरवाला छोर नहीं टूटा,” ते म्हणाले. “बाहरवाला है. किस्मत अच्छी.”

मला माझी लाज वाटली. एवढी वर्षं ट्रान्स्फॉर्मरचे वेढे बघितले आणि हे सुचलं नाही. वेढ्याचं आतलं टोक तुटलं तर सगळं पुन्हा गुंडाळावं लागतं. बाहेरचं तुटलं तर वरचा एक वेढा सोडवायचा, टोकाचं लाखेसारखं आवरण जाळून काढायचं, आणि नव्याने डाख द्यायचा. हजारो वेढ्यांत एक कमी झाला तर आवाजात काही फरक पडत नाही. काकांचा हात थरथरत होता म्हणून इस्त्री मी धरली, पण सोडलेला वेढा चिमट्याने पोराने धरला. तेवढी बारीक तार मला दिसतच नव्हती. मीटर लावला. पाच पूर्णांक नऊ. पोरगं त्या दिवशी पहिल्यांदा हसलं. काकांनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र आमच्याकडून पाजून घेतला.

जोहरची नमाज जवळच्या मशिदीत पढलो आणि संध्याकाळी परतीची गाडी धरली. तारांचा एक संच साडेपाचशेचा, तांब्याची पट्टी तीनशे, तीन कंट्रोल तीनशेसाठ, स्विच अडीचशे, बाकी किरकोळ दीडशे. एकूण 1,610 रुपये. फसलेले तीन कंट्रोल यात धरलेले नाहीत, ते माझ्या खात्यावर. गाडीभाडंही धरलेलं नाही. घरबसल्या मागवलं असतं तर भाडं वाचलं असतं, असं मेहुणा म्हणाला. बरोबर आहे. पण मग पिकअपही नवाच मागवला असता.

रविवारी बहिणीच्या माळ्यावर काम केलं. गिटारीच्या पोटातली सगळी पोकळी तांब्याच्या पट्टीने आतून मढवली. हा उपाय घूं घूं साठी. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, आणि उघड्या वायरी तो आवाज पकडतात. तांब्याचं कवच जमिनीच्या वायरला जोडलं की बराचसा त्रास कवचातच जिरतो. पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेईलच असं नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर डाखाचा एक ठिपका. हे काम पोराने केलं, मी नुसता बसून होतो. एका वेढ्याचा पिकअप ट्रान्स्फॉर्मरजवळ नेला तर अजूनही गुणगुणतो, ते तांब्याने थांबत नाही. पण खोलीत वाजवताना शांत. एक इशारा इथे देतो. गिटारीच्या पोटात धोका काही नाही. अ‍ॅम्प्लिफायर मात्र घरी उघडू नका, विशेषतः जुना व्हॉल्व्हचा. स्विच बंद केल्यावरही त्याचे कपॅसिटर माणूस मारण्याइतकी वीज धरून बसतात.

घूं घूं गेली. सूर उतरणं आणि झणझण राहिलं.

सूर उतरतो म्हणून पोराला नव्या खुंट्या हव्या होत्या, त्याही महागातल्या. मी तार पिळताना कान लावला. टिक असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत होता. खुंट्या ठीक होत्या. गळ्याच्या वरच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते, नट म्हणतात ती, प्लास्टिकची होती, आणि तिच्या खाचेत तार अडकत होती. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की चार दिवस बरं वाटतं. पण पट्टीच पोकळ, खाचाही वेड्यावाकड्या. तिथे हाडाची पट्टी हवी. आणि हाड घासणारा माणूस खालच्या मजल्यावर बसला होता.

“तू विचार,” मी म्हटलं.

“तुम्ही विचारा ना, मामू.”

“गिटार तुझी आहे.”

मिरजेची गोष्ट आपल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल, तरी थोडी सांगतो. इथले सतारवाले मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात राजेरजवाड्यांच्या फौजा गेल्या, तलवारींचं काम संपलं. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला, आणि सगळी गल्ली त्यांच्यामागे गेली. पंढरपूरकडचे कडू भोपळे, तुणीचं लाकूड, आणि धार लावणाऱ्या माणसाचा कानसीवरचा हात. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, आणि 1937 साली त्यांचं निधन झाल्यावर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. आजही उरुसाला गवई तिथे हजेरी लावतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्याचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन मतं निघतात, हे मला माहीत आहे. मी त्या वादात शिरत नाही. एवढंच सांगतो की या गल्लीत अजानच्या वेळी कानस खाली ठेवली जाते आणि नमाजनंतर पुन्हा उचलली जाते, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

पोरगं गिटार घेऊन खाली गेलं. मी जिन्यातच थांबलो.

“बडे अब्बा, ही पट्टी हाडाची करायचीय.”

चाचांनी गिटार मांडीवर घेतली. सतार घ्यावी तशी, तिरकी. बराच वेळ नुसता हात फिरवला. मग अ‍ॅम्प्लिफायरशिवायच एकेक तार छेडून कान लाकडाला लावला.

“जवारी कुठाय हिला?”

“जवारी नको, बडे अब्बा. झणझण होतेय ती काढायचीय.”

म्हातारा हसला. खरंच हसण्यासारखं होतं. सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीवर तार किंचित घासून झंकारावी म्हणून या माणसाने पन्नास वर्षं घालवली. केसाएवढं जास्त घासलं गेलं तर आवाज फाटतो, कमी घासलं तर मुका राहतो. गावोगावचे गवई जवारी खोलायला त्यांच्याकडे वाद्य पाठवतात. आणि नातू सांगत होता की ती मोडून दे. काम उलटं. पण हत्यार तेच, कान तोच.

उंटाच्या हाडाचा तुकडा त्यांनी डब्यातून काढला. पूर्वी सांबराचं शिंग वापरत, 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं. जुनी पट्टी मोगरीच्या एका टोल्यात सुटली. नवी घासायला दुपार गेली. खाच किती खोल हवी याचं माप पोराने सांगितलं. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली की पहिल्या पडद्यावर ती टेकता टेकता राहिली पाहिजे, मध्ये केस जाईल एवढीच फट. चाचांनी ते ऐकलं, मान हलवली आणि फट डोळ्याने न बघता बोटाने टिचकी मारून, आवाजावरून ठरवली. प्रत्येक तारेला निराळी.

झणझणीचं कारण त्यांना गिटार हातात घेतल्यावर पाचव्या मिनिटाला कळलं होतं, सांगितलं मात्र शेवटी. सातवा पडदा एका बाजूने लाकडातून उचलला गेला होता. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. हे ठोकून बसवलेले, याचं त्यांना नवल वाटलं. “चुकला तर काय करतात?” त्यांनी विचारलं. पोराने गळ्याच्या आतली पोलादी सळई दाखवली. ती पाव फेरा पिळली की गळ्याचा बाक बदलतो. घाई केली तर गळा जातो, म्हणून एका वेळी पाव फेराच. मग खालच्या टोकाचे स्क्रू दाखवले. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर चढा लागला तर तारेची लांबी किंचित वाढवायची. चाचांनी तो स्क्रू फिरवून बघितला. परत फिरवला. पुन्हा फिरवला.

“हे चांगलंय,” ते म्हणाले. गिटारीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य.

सातवा पडदा दाबून बसवला, वर दोन-तीन हात कानस, मग बारीक पॉलिश पेपर. नव्या तारा चढल्या. माळ्यावर जाऊन पोराने वाजवली. बहीण खालून ओरडली, “आवाज कमी कर!” मला ते ऐकून फार बरं वाटलं. कंट्रोल लॉग असल्याने आवाज खरोखरच हळूहळू कमी झाला.

हप्त्याचा फॉर्म फाडला का, ते मी विचारलं नाही. फी वेळेत भरली गेली, एवढं बहिणीने कळवलं. अडतीस हजाराची गिटार या गिटारीहून चांगली असेल का? असेल. लाकूड, पडदे, पिकअप, सगळंच वरचं. सोळाशे रुपयांत तो फरक भरून निघत नाही. पण पोराच्या ज्या तीन तक्रारी होत्या, त्यांतली एकही त्या फरकामुळे नव्हती.

संध्याकाळी मी सांगलीला निघताना पोराने चाचांना विचारलं, “हाडाचे किती झाले?”

“पैसे नको. चार दिवस दुपारी ये. तंबोऱ्याच्या दांडीला पॉलिश घासायचंय, माझा खांदा दुखतो.”

तीन दिवस तो गेला. चौथ्या दिवशी त्याची परीक्षा होती. पाचव्या दिवशी गेला तेव्हा बरोबर एक मित्र होता, त्याच्या खांद्यावर गिटारीची पिशवी. बहीण सांगते, चाचांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, “आधी दांडी. मग बघू त्याची काय तक्रार आहे.”